जमवणं, साठवणं, गोळा करणं : इंग्रजी ‘अमॅस’ आणि फ्रेंच ‘आमासे’ नेमकं कुठे वापरायचं

माझ्या क्लासमधल्या एका नववीतल्या मुलीने फ्रेंचमध्ये आजोबांवर दहा ओळी लिहून आणल्या होत्या, छान होत्या, पण एका ओळीवर मी अडकले. तिला म्हणायचं होतं की आजोबा जुनी नाणी जमवतात. तिने आधी ‘जमवणे’ला इंग्रजी शब्द शोधला, तो मिळाला अक्युम्युलेट, मग त्याला फ्रेंच शब्द शोधला, तो मिळाला आक्युम्युले, आणि लावला वाक्यात. व्याकरण बरोबर, स्पेलिंग बरोबर. पण ते वाक्य वाचून छंद म्हणून एकेक नाणं निरखून ठेवणारे आजोबा दिसतच नाहीत, घरात नाण्यांचा ढीग वाढत चाललाय असं काहीतरी दिसतं.

ही चूक हुशार मुलांचीच जास्त होते, कारण तीच डिक्शनरी उघडतात. आणि त्याचं कारण मला पक्कं माहितीये : आपण मराठीतून फ्रेंचमध्ये जाताना मधे इंग्रजीचं स्टेशन घेतो. इथे ते घ्यायची गरजच नाही, या एका बाबतीत तर मराठी आणि फ्रेंच एकमेकींच्या जास्त जवळच्या आहेत. म्हणून हा लेख, एकेक पायरी करून. घाई नका करू, पहिल्या दोन पायऱ्या नीट झाल्या की बाकीचं सोपं जातं.

फ्रेंच शब्द मी देवनागरीत लिहितेय, उच्चार जवळपास येईल तसा.

पायरी पहिली : जमतंय की जमवताय, हे आधी मराठीत ठरवा

मराठीत आपल्याकडे या जोड्या आहेत बघा. साचणे-साचवणे, साठणे-साठवणे, जमणे-जमवणे. धूळ साचते, आपण पाणी साचवतो. पैसे साठतात, आपण पैसे साठवतो. हा फरक आपण कधी शिकलो नाही, आईच्या बोलण्यातून आला. इंग्रजीत दोन्हीला एकच अक्युम्युलेट चालतं, डस्ट अक्युम्युलेट होते आणि माणूस पण डस्ट सोडून बाकी सगळं अक्युम्युलेट करतो, क्रियापद तेच. फ्रेंच मात्र आपल्यासारखी आहे, आपोआप होणारं वेगळं आणि कुणीतरी करणारं वेगळं. करणारा असेल तर आक्युम्युले, आपोआप होत असेल तर पुढे ‘स’ लागतो आणि ते साक्युम्युले होतं. पुस्तकांवर धूळ साचते म्हणजे ‘ला पूसिएर साक्युम्युल स्युर ले लिव्र’. हा ‘स’ गाळला तर फ्रेंच माणूस वाट बघत बसतो की धूळ काय साचवते आहे बाबा, पुढे सांग ना.

मी मुलांना एक युक्ती देते आणि ती बहुतेक वेळा चालते : मराठी क्रियापदात ‘व’ आलाय का बघा. साचवणे, साठवणे, जमवणे, यात ‘व’ आहे, तर फ्रेंचमध्ये ‘स’ नको. साचणे, साठणे, जमणे, यात ‘व’ नाही, तर फ्रेंचमध्ये ‘स’ हवा. ‘गोळा करणे’ आणि ‘गोळा होणे’ यात ‘व’ सापडणार नाही, तिथे ‘होणे’ आलं की ‘स’ लावायचा. बस.

भूतकाळात याचा अजून एक परिणाम होतो तो विसरू नका. यातलं ‘स’ नसलेलं क्रियापद आव्वार हे सहायक क्रियापद घेतं, ‘स’ असलेलं एत्र घेतं. त्याने संपत्ती जमवली, ‘इल आ आमासे युन फोर्त्युन’. बिलं साचली, ‘ले फाक्त्युर स सोंताक्युम्युले’. परीक्षेत याचे मार्क हमखास जातात.

पायरी दुसरी : काय जमवलं जातंय ते बघा, क्रियापद नंतर

डिक्शनरीत क्रियापद शोधायच्या आधी कागदावर कर्म लिहून ठेवा. पैसा? पुरावे? वाळलेली पानं? पोस्टाची तिकिटं? धान्य? कामं? माणसं? मराठीत सुद्धा आपण सगळ्याला एकच शब्द लावत नाही, हे लक्षातच येत नाही आपल्या. फुलं वेचतो, कर वसूल करतो, वर्गणी गोळा करतो, लाकडं रचतो, धान्य साठवतो, कामं तुंबतात, व्याज चढतं, गर्दी जमते. फ्रेंच आणि इंग्रजीतही प्रत्येकाची अशी ठरलेली जोडी आहे. क्रियापद हे कर्म बघून निवडायचं, एवढं जरी डोक्यात बसलं तरी अर्धं काम झालं.

पायरी तिसरी : मूळ शब्द, अमॅस आणि आमासे

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण हा शब्द मला मनापासून आवडतो.

इंग्रजी अमॅस हा फ्रेंच आमासेवरूनच आला. स्पेलिंग ए, एम, ए, दोन एस, फ्रेंचमध्ये शेवटी ई आणि आर. त्यात मधे बसलेला शब्द आहे मास, म्हणजे गोळा. तो लॅटिन मासावरून आला, आणि मासा म्हणजे लगदा, कणकेचा गोळा. त्याच्याही मागे ग्रीकमध्ये माझा, म्हणजे जवाच्या पिठाची भाकर किंवा गोळा, आणि त्याच्या मागचं ग्रीक क्रियापद म्हणजे मळणे. पोर्तुगीजमध्ये आजही मासा म्हणजे मळलेलं पीठ.

आता परातीत कणीक मळतानाचं आठवा. पीठ पसरलेलं असतं, पाणी घातलं की आधी नुसते चुरचुरीत कण होतात, बोटांना चिकटतात, परातीच्या कडेला लागतात, मग तळहाताने कडेचं सगळं ओढत ओढत मधे आणतो आणि एका क्षणी परात स्वच्छ होते, हाताखाली एक गोळा येतो. हे आमासे. आणि आपण मराठीत काय म्हणतो? गोळा करणे! लॅटिनचा आणि मराठीचा इथे काही व्यवहार झालेला नाही, दोन्हीकडच्या लोकांना स्वतंत्रपणे तेच चित्र सुचलं. मी हे वर्गात सांगितल्यापासून आमासेचा अर्थ कुणी विसरलेलं नाही.

पण अर्थ कळला म्हणजे वापर कळला असं नाही. इंग्रजीत अमॅस हा भारदस्त शब्द आहे आणि त्याला मोठं प्रमाण लागतं. संपत्ती अमॅस करतात, पुरावे अमॅस करतात, सीमेवर सैन्य अमॅस करतात, कर्ज सुद्धा. क्रिकेटची इंग्रजी पानं वाचत असाल तर तिथे हा शब्द रोज भेटेल, गावसकरांनी १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात पदार्पणातच ७७४ धावा केल्या त्याला अमॅस म्हणता येतं, बारा धावांना नाही म्हणता येत. पिशवीत तीन कांदे कुणी अमॅस करत नाही. शिवाय त्यात वेळ गेलेला असतो, हळूहळू, चिकाटीने. लॉटरी लागून एका रात्रीत मिळालेला पैसा अमॅस केलेला नसतो.

फ्रेंच आमासेचा स्वभावही साधारण हाच आहे. फोर्त्युन, म्हणजे संपत्ती, आणि प्रव्ह, म्हणजे पुरावे, हे त्याचे नेहमीचे सोबती. रोजच्या बोलण्यात तो कमी येतो, लिहिण्यात जास्त. एक म्हण मात्र सगळ्यांना येते, ‘पिएर की रूल नामास पा मूस’, गडगडत्या दगडावर शेवाळ जमत नाही. इंग्रजीतही हीच म्हण आहे पण तिथे शेवाळाला गॅदर लागतं, अमॅस नाही. म्हणजे जिथून शब्द आला तिथे तो शेवाळालाही चालतो आणि इंग्रजीत येऊन तो फक्त मोठ्या गोष्टींचा झाला. इंग्रजीने फ्रेंचकडून घेतलेल्या बऱ्याच शब्दांचं असं झालंय, घरात साधा असणारा माणूस परगावी गेल्यावर साहेब होतो तसं.

गर्दीसाठी पण वापरतात, सामासे, किंवा नुसतं स मासे. चौकात लोक गोळा झाले. इथे एक धोक्याची पाटी लावते : फ्रेंचमध्ये मासे नावाची दोन वेगळी क्रियापदं आहेत, स्पेलिंग तेच. एक गोळा करणे, दुसरं मालिश करणे, मसाजवालं. मागचापुढचा संदर्भ बघून ठरवायचं. आणि चर्चमधल्या प्रार्थनेला इंग्रजीत मास म्हणतात त्याचा या मासशी काही संबंध नाही, तो लॅटिन मिस्सावरून आला, म्हणून तर फ्रेंचमध्ये तो मेस आहे आणि गोव्यात मीस.

नाम आहे आमा, शेवटचा एस लिहायचा पण बोलायचा नाही. ढीग, पुंजका. आकाश बघायची आवड असेल तर हा शब्द लगेच कामाला येईल, ताऱ्यांच्या गुच्छाला फ्रेंचमध्ये आमा म्हणतात. आपल्या कृत्तिका म्हणजे एक आमा. शार्ल मेसिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने अठराव्या शतकात आकाशातल्या अंधुक पुंजक्यांची जी यादी केली त्यात कृत्तिकांचा नंबर ४५. इंग्रजीत त्यालाच क्लस्टर, अमॅस तिथे पोचलाच नाही.

उच्चाराचं एक : दोन एस आहेत म्हणून ‘स’. दोन स्वरांच्या मधे एकच एस असेल तर फ्रेंचमध्ये तो ‘झ’ होतो, म्हणून लिहिताना दुसरा एस खाल्ला तर वाचणारा आमाझे वाचेल आणि असा शब्दच नाहीये.

पायरी चौथी : रोजचं काम करतो तो रामासे

आमासेच्या पुढे आर लावला की रामासे. हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडेल. खाली पडलेलं उचलणे, विखुरलेलं गोळा करणे. फ्रान्सच्या शाळेत परीक्षेची वेळ संपली की शिक्षक म्हणतात ‘झ रामास ले कोपी’, पेपर गोळा करते. बागेतली पानं, जमिनीवर पडलेली सफरचंदं, शेतातले बटाटे, जंगलातली अळंबी, मुलांची खेळणी, सगळं रामासे. टेनिसच्या कोर्टवर बॉल उचलायला धावणारी मुलं म्हणजे रामासर द बाल. शाळेची बस गावोगाव फिरून मुलांना घेते त्याला रामासाज स्कोलेर म्हणतात, मुलं पण वेचत वेचतच जाते ना ती बस.

यातला धागा पकडा : आमासेमध्ये ढीग महत्त्वाचा, रामासेमध्ये वाकणं महत्त्वाचं. कंबरेत वाकून हाताने उचलायचं असेल तर नव्वद टक्के रामासेच. पैसा आमासे, पण रस्त्यावर पडलेलं नाणं रामासे. बेल्जियममध्ये तर केराच्या सुपलीलाच रामासेत म्हणतात, फ्रान्समध्ये तिला पेल हा वेगळा शब्द आहे. क्यूबेकमध्ये कुणी स रामासे म्हणालं तर तो ‘शेवटी अमुक ठिकाणी जाऊन पोचणे’ या अर्थाने म्हणतोय, आणि फ्रान्समध्ये तेच बोलीत म्हणजे सपशेल आपटणे. माँट्रियलला शिकायला गेलेल्यांनी हे लक्षात ठेवा, नाहीतर मित्र हॉस्पिटलमध्ये ‘पोचला’ की ‘आपटला’ कळणार नाही.

पायरी पाचवी : आक्युम्युले आणि त्याचं छोटं भावंड क्युम्युले

दोन्हीचं मूळ लॅटिन क्युम्युलुस, म्हणजे ढीग, रास. पावसाळ्याच्या आधी कापसाच्या राशीसारखे जे ढग दिसतात त्यांना क्युम्युलस म्हणतात ते यामुळेच, लंडनच्या ल्यूक हॉवर्डने १८०२ मध्ये ढगांना नावं दिली तेव्हाचं ते नाव आहे.

आक्युम्युलेमध्ये एकावर एक भर पडत जाते. अनुभव, थकवा, उशीर, कर्ज, चुका. इंग्रजी अक्युम्युलेटही असाच. अमॅसच्या मानाने हा शब्द थंड आहे, त्यात कुणाचा हेतू असलाच पाहिजे असं नाही. म्हणूनच धूळ अक्युम्युलेट होते, धूळ कुणी अमॅस करत नाही. आपली कामं तुंबतात, थकबाकी साचते, तिथे फ्रेंचमध्ये साक्युम्युले डोळे मिटून वापरा.

क्युम्युले म्हणजे दोन गोष्टी एकदम धरून ठेवणे, आणि हा शब्द फ्रान्समध्ये राहणाऱ्याला फारच लागतो. दुकानाच्या कूपनवर खाली बारीक अक्षरात ‘नों क्युम्युलाब्ल’ असतं, म्हणजे ही सूट दुसऱ्या सुटीबरोबर मिळणार नाही. दोन नोकऱ्या करणारा क्युम्युल करतो. राजकारणात तर यावर केवढा वाद झाला, एकच माणूस एखाद्या शहराचा महापौर आणि वर संसदेत खासदार, याला क्युम्युल दे मांदा म्हणतात, आणि त्यावर बंदी घालणारा कायदा २०१४ मध्ये झाला, तो २०१७ पासून लागू आहे. फ्रेंच पेपर वाचायला घेतलात तर हा शब्द कधी ना कधी येणारच.

आणि घर भाड्याने घेताना जाहिरातीत क्युम्युल्युस दिसलं तर घाबरू नका, छतावर ढग नाहीये, तो आपला गीझर. इलेक्ट्रिकची मोठी टाकी, रात्री वीज स्वस्त असताना पाणी तापवून साठवून ठेवते. साठवते म्हणून हे नाव. चार्ज होणाऱ्या बॅटरीला आक्युम्युलातर, तिचंच लाडकं रूप आक्यू.

या शब्दांमधला जो फ्रेंच ‘यू’ आहे तो मी देवनागरीत यु लिहिलाय खरा, पण त्यात ‘य’ नाहीये. ई म्हणायला सुरुवात करा, जीभ तिथेच ठेवा आणि ओठ शिट्टी वाजवताना करतो तसे गोल करा. जो आवाज येईल तो बरोबर. आक्युम्युलेमध्ये तो लागोपाठ दोनदा येतो म्हणून सरावासाठी हा शब्द सोन्यासारखा आहे, रोज वीस वेळा म्हणा.

पायरी सहावी : रचलेलं, कोंबलेलं, दाटलेलं

इथे फ्रेंचकडे मराठीइतकीच श्रीमंती आहे. ता म्हणजे ढीग, त्यावरून आंतासे, कसंही कोंबून ढीग करणे, आणि सांतासे म्हणजे माणसांनी दाटीवाटीने कोंबून घेणं. सकाळच्या विरार लोकलचं फ्रेंचमध्ये वर्णन करायचं असेल तर हाच शब्द. आंपिले म्हणजे नीट एकावर एक रचणे, थप्पी लावणे, ताटल्या, पेट्या, वह्या. आमोंसले म्हणजे डोंगरासारखी रास करणे, त्यात मों म्हणजे डोंगर आहेच, ढग दाटून येतात त्यालाही सामोंसले. आपण धावांचा डोंगर म्हणतो, तसंच.

ढीगभर कामं आहेत हे पण थेट जातं, ‘अं ता द शोझ’, शब्दशः ढीगभर गोष्टी. इथे इंग्रजीतून गेला असता तर बोकू, म्हणजे पुष्कळ, एवढंच हाती लागलं असतं, चूक नाही पण चव गेली.

पॅरिसला जाणं झालं तर साँ-लाझार स्टेशनच्या बाहेर दोन मिनिटं थांबा. तिथे आर्मां या शिल्पकाराची १९८५ ची दोन शिल्पं आहेत, एक घड्याळांचा ढीग आणि एक सुटकेसांचा ढीग, एकमेकांवर चढलेल्या, उंच. नीसमध्ये १९२८ ला जन्मलेला हा माणूस १९५९ पासून असे ढीग रचत होता, आणि त्या सगळ्या मालिकेचं नावच आक्युम्युलासिओं. घड्याळ एकेक करून बघितलं तर सगळी एकाच प्रकारची, पण काटे वेगवेगळ्या वेळेवर. मी मुलांना फोटो दाखवते आणि विचारते, हे आमासे का आंतासे का आंपिले? वाद होतो, आणि त्या वादात शब्द पाठ होतात.

पायरी सातवी : कलेक्टचा सापळा

सगळ्यात जास्त चुका इथे. इंग्रजी कलेक्ट हा एक शब्द, फ्रेंचमध्ये त्याचे निदान पाच होतात. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका ऑफिसला ईमेलमध्ये ‘माहिती जमवली आहे’ यासाठी कोलेक्सिओने वापरला होता, त्यांच्याकडून उत्तरात माझंच वाक्य बरोबर शब्द घालून परत आलं, तेव्हापासून हा फरक मी घोटून घेतला.

छंद म्हणून, निवडून, सांभाळून जमवायचं ते कोलेक्सिओने. तिकिटं, नाणी, काडेपेट्यांचे छाप. आपल्याकडे यालाच संग्रह म्हणतात. कचरा, देणग्या, डेटा गोळा करायचा ते कोलेक्ते. माहिती, साक्षी, मतं, मध, हे हळुवारपणे घ्यायचं असतं, त्याला रकयीर. यात कयीर म्हणजे फूल तोडणं, खुडणं, तोच धातू आहे आणि हॉटेलच्या रिसेप्शनवर आकय अशी पाटी असते त्यात पण तोच, स्वागत करणं म्हणजे माणसाला हलकेच आत घेणं. पार्सल दुकानातून घेऊन येणे ते रेक्युपेरे. कर वसूल करणे ते पेर्सव्वार, आणि वसूल करणारा अधिकारी तो पेर्सेप्तर. आपल्या जिल्ह्याच्या साहेबाला कलेक्टर का म्हणतात हे इथे उलगडतं, वॉरन हेस्टिंग्जच्या काळात १७७२ ला ते पद निघालं ते महसूल वसूल करायलाच. जिल्हाधिकाऱ्याला फ्रेंचमध्ये कोलेक्सिओनर म्हटलंत तर ते तिकिटांचा अल्बम घेऊन बसलेले दिसतील.

मराठीतून विचारा म्हणजे चुकणार नाही : संग्रह, गोळा, टिपून घेणे, घेऊन येणे, वसुली. पाच मराठी, पाच फ्रेंच. इंग्रजी मधे आणली की पाचाचं एक होतं आणि त्या एकाचे परत पाच करताना हात चुकतो.

पायरी आठवी : पैसा साठवणं आणि पैसा दडवणं

शिल्लक टाकणे म्हणजे एपार्न्ये. बोलताना ‘मेत्र द कोते’, बाजूला ठेवणे, अगदी आपण म्हणतो तसं, दोन पैसे बाजूला टाकले. फ्रान्समध्ये लहान मुलाच्या नावावर सुद्धा लिव्हरे आ हे बचत खातं असतं, त्याची सुरुवात १८१८ ची, त्यात जास्तीत जास्त २२,९५० युरो ठेवता येतात आणि व्याजावर कर नाही. व्याजाचं पण बघा, मराठीत व्याज चढतं, फ्रेंचमध्ये व्याज धावतं, साठलेल्या व्याजाला तिथे ‘धावलेलं’ व्याज म्हणतात, आणि व्याज साठण्याला इंग्रजीत अक्रू म्हणतात, त्याच्या मुळाशी वाढणं आहे. इथे शब्दशः भाषांतर करूच नका.

पैसा नुसता दाबून ठेवणे, फिरवायचा नाही, तो तेझोरिझे. त्याच्या मुळाशी लॅटिन थेसॉरुस आहे, म्हणजे खजिना, फ्रेंचमध्ये त्रेझोर. इंग्रजीतला थेसॉरस, समानार्थी शब्दांचा संग्रह, तो पण खजिनाच. आणि आपण शब्दकोश म्हणतो, कोश म्हणजेही मुळात खजिना, राजकोश म्हणतो ना. फ्रेंचांच्या सोळा खंडी मोठ्या शब्दकोशाचं नाव पण त्रेझोर. तीन भाषांनी शब्दांना धनच मानलंय.

इंग्रजीत तेझोरिझेच्या जागी होर्ड आहे, जुना जर्मानिक शब्द, पुरलेलं धन. इंग्लंडमध्ये २००९ साली स्टॅफर्डशरच्या शेतात मेटल डिटेक्टरने अँग्लो-सॅक्सन काळातलं सोनं सापडलं त्याला स्टॅफर्डशर होर्डच म्हणतात. आता हा शब्द नकारार्थी झालाय, कांद्याची साठेबाजी म्हणजे होर्डिंग. आपल्याकडे गोंधळ होतो कारण मराठीत होर्डिंग म्हणजे रस्त्यावरचा मोठा जाहिरात फलक. तो शब्द वेगळा आहे, बांधकामाभोवतीचं लाकडी कुंपण, त्यावर जाहिराती चिकटवायचे म्हणून पुढे फलकालाच ते नाव पडलं. इंग्रजी बातमीत व्यापाऱ्यांनी होर्डिंग केलं असं वाचलं तर फलक लावला असं भाषांतर करू नका, हे मी एकदा छापून आलेलं वाचलंय.

घरात रद्दी, पिशव्या, रिकामे डबे काहीच टाकवत नाही अशी अवस्था होते, हा आजार आहे आणि २०१३ पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत होर्डिंगला स्वतंत्र जागा आहे. फ्रेंचमध्ये त्याला सिलोगोमानी. अशा माणसाबद्दल लिहिताना तेझोरिझेने त्याला कंजूष ठरवू नका.

पायरी नववी : धान्य

थोडक्यात. फ्रेंच ग्रांज म्हणजे कोठार, त्यावरून आंग्रांझे, धान्य कोठारात भरणे आणि पुढे नफा, मतं पदरात पाडणे. इंग्रजी गार्नर पण कोठारावरूनच, आता तो फक्त मतं आणि कौतुक गोळा करतो. माल भरून ठेवणे ते स्तोके, इंग्रजीतून घेतलेलं. उन्हाळ्यात पापड, कुरडया, लोणची करून वर्षाची बेगमी होते त्याला फ्रेंचमध्ये ‘फेर दे प्रोव्हिझिओं’ म्हणा, व्यवस्थित बसतं.

पायरी दहावी : तपासणी

वाक्य लिहून झालं की ते एकभाषी कोशात तपासा, फ्रेंच-फ्रेंच, इंग्रजी-इंग्रजी. लारूस ऑनलाइन फुकट आहे, तो सोळा खंडी त्रेझोर पण नेटवर फुकट आहे. अर्थ वाचू नका, उदाहरणं वाचा, त्या क्रियापदाबरोबर कोणती नामं येतात ती वहीत लिहा. नामाचीच जोडी सापडली नाही तर क्रियापद बदला, नाम नका बदलू. मोबाईलच्या भाषांतराला शब्द टाकू नका, पूर्ण वाक्य टाका, आणि मग उलट्या बाजूने परत मराठीत आणून बघा. ‘संग्रह’चं ‘साचणं’ होऊन परत आलं तर समजा मधे कुठेतरी घसरलंय.

आणि ही वाक्यं आज रात्री करून बघा, आधी स्वतः, मग खालचं बघा. त्याने वीस वर्षांत मोठी संपत्ती जमवली. वाळलेली पानं गोळा कर. माझी कामं साचली आहेत. पोलिसांनी साक्षी गोळा केल्या. ट्रेनमध्ये लोक कोंबले गेले होते. थेंबे थेंबे तळे साचे.

क्रमाने : आमासे, रामासे, साक्युम्युले, रकयीर, सांतासे. शेवटच्याला क्रियापद शोधत बसू नका, म्हणीला म्हणच द्यायची, ‘ले प्ती रुइसो फों ले ग्रांद रिव्हिएर’, लहान ओहोळांच्या मोठ्या नद्या होतात. तळ्याची नदी झाली, चालतं.

त्या मुलीने वाक्य सुधारून आणलं, ‘मों ग्रां-पेर कोलेक्सिओन ले प्येस आंसिएन’. खाली स्वतःच अजून एक ओळ घातली होती, की आजोबा नाण्यांच्या डब्यावर धूळ साचू देत नाहीत, आणि तिथे ‘स’ बरोबर लावला होता.